तीन पोलचा ध्वजस्तंभ सेट: पोल झकास, सोबतची अंतराची पट्टी मात्र फेकून द्या

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. पोलला साडेचार, आणि सोबत आलेली पुस्तिका अधिक बसवायला आलेली टीम यांना मिळून अडीच, सरासरी काढा म्हणजे हिशोब लागेल. कंपनीचं नाव घेत नाहीये कारण त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे, आणि खरं सांगायचं तर मी नंतर दोन-तीन ठिकाणचे असे सेट मुद्दाम जाऊन बघितले तर तिथेही पोल असेच दाटीवाटीने उभे होते, म्हणजे ही एकट्या कंपनीची चूक नाही, सगळ्यांनाच पोल जवळजवळ लावले की भारी दिसतं असं वाटतं.

तर काय घेतलं ते सांगते. आमच्या संस्थेच्या आवारात दारासमोर तीन ध्वज लावायचे होते, एक देशाचा, एक संस्थेचा, आणि तिसरा मोकळा, म्हणजे बाहेरच्या देशातले पाहुणे येतात तेव्हा त्यांच्यासाठी, एरवी त्यावर उपक्रमाचा वगैरे. कमिटीत मी नवीन, त्यामुळे काम अर्थातच माझ्या गळ्यात. सेटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे तीन पोल येतात, बाजूचे दोन 6 मीटरचे आणि मधला 7 मीटरचा, खाली बिजागरीवाली बेस प्लेट म्हणजे पोल आडवा पाडता येतो, दोरी बाहेरून, वर कप्पी आणि सोनेरी गोळा, प्रत्येकाला चार अँकर बोल्ट, आणि दोन पोलमधलं अंतर धरायला भोकं पाडलेली एक लांब लोखंडी पट्टी. शिवाय एक चकचकीत पुस्तिका, तिच्यात तिन्ही झेंडे एकाच दिशेला इस्त्री केल्यासारखे फडकतायत असा फोटो. वारा असा वागतो का कधी? पण तेव्हा मीही तो फोटो बघून खूशच झाले होते.

पोलबद्दल तक्रार नाही हे परत सांगते. पत्रा जाड आहे, जोड घट्ट बसतात, जोडाजवळ हलवून बघितलं तर खडखड नाही, वरची कप्पी गुळगुळीत फिरते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोरी कप्पीच्या बाजूला घसरून अडकत नाही. ज्याने भर कार्यक्रमात अर्ध्यावर अडकलेला ध्वज बघितलाय त्याला या एका गोष्टीची किंमत कळेल. सगळे मान वर करून बघतायत, वाजंत्री थांबलीय, आणि एक जण पोलवर काठी मारून दोरी सोडवतोय. तसलं काही इथे एकदाही झालं नाही.

घोळ झाला तो अंतराचा. पुस्तिकेत एका पानावर लिहिलंय की 6 मीटरच्या पोलला 1800 बाय 1200 मिलिमीटरचा ध्वज लावा. बरोबर आहे, ध्वजाची लांबी पोलच्या उंचीच्या पाव ते एक तृतीयांश असावी असा साधारण हिशोब असतो आणि तो यात बसतो. आणि त्याच्याच पुढच्या पानावर दोन पोलमधलं अंतर दिलंय दीड मीटर, सोबतची पट्टीही दीड मीटरची. म्हणजे ध्वज 1.8 मीटर लांब आणि शेजारचा पोल 1.5 मीटरवर. हे शाळेतल्या पोराला विचारलं तरी तो म्हणेल की झेंडा शेजारच्या पोलला लागणार, पण आम्ही सहा मोठी माणसं ती पट्टी जमिनीवर ठेवून "थोडं डावीकडे घ्या, आता दाराच्या बरोबर मध्ये येतंय" असं करत होतो आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. काँक्रीट भरलं, बोल्ट बसले, आठवडाभर पाणी मारलं.

पहिल्या दिवशी हवा पडलेली होती, तिन्ही झेंडे सरळ खाली लोंबत होते, फोटो काढले, सगळ्यांनी वा वा केलं. दुसऱ्या रात्री वारा सुटला. सकाळी वॉचमन मामांचा फोन, "ताई लवकर या, झेंडे एकमेकात गेलेत." जाऊन बघते तर संस्थेच्या ध्वजाचं टोक मधल्या पोलच्या दोरी आणि पोल यांच्या फटीत शिरलेलं, तिथे दोन वेढे बसलेले, आणि वाऱ्याने ओढून ओढून कडेची दुहेरी शिवण चार बोटं उसवलेली, धागे नुसते भुरभुर उडत होते. देशाचा ध्वज उतरवायला दोरी ओढावी तर दुसऱ्याचं कापड कप्पीकडे खेचलं जायचं. शेवटी दोन्ही दोऱ्या एकदम सैल करून, एकाने इकडून एकाने तिकडून, हळूहळू पाऊण तासाने सुटलं. मानाने लावलेले ध्वज आणि आम्ही खाली उभं राहून पतंगाचा गुंता सोडवावा तसं सोडवतोय. मला खरंच लाज वाटली.

त्या दिवशी संध्याकाळी मी खडू आणि सुतळी घेऊन बसले. प्रत्येक पोलच्या बुडाशी सुतळीचं टोक धरायचं, 1.8 मीटरवर खडू, आणि गोल काढायचा. तो गोल म्हणजे त्या ध्वजाचं घर, वारा कुठूनही आला तरी कापड त्या गोलाच्या आत राहणार. आमचे तीन गोल एकमेकांच्या पोटात घुसलेले होते, इतकंच नाही तर प्रत्येक गोलात शेजारचा पोल उभा होता. एवढं खडूचं चित्र आधी काढलं असतं तर पुढचं सगळं वाचलं असतं.

यातून मला जे समजलं ते असं. दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला, ध्वज शेजारच्या पोलला लागू नये, त्यासाठी अंतर ध्वजाच्या लांबीपेक्षा जास्त हवं, म्हणजे आमच्या केसमध्ये 1.8 अधिक थोडी मोकळीक, साधारण 2.4 मीटर धरा. जागा मोकळी असेल, वारा एकसारखा वाहत असेल तर एवढ्यावर भागतं, कारण तिन्ही ध्वज एकाच दिशेला वळतात, एकामागे एक रांगेत किंवा समांतर, आणि कोणी कोणाला शिवत नाही. दुसरा प्रश्न, दोन ध्वज समोरासमोर आले तर? इमारतीच्या कोपऱ्याशी, कंपाउंडच्या भिंतीजवळ, दोन बिल्डिंगांच्या मधल्या बोळात वारा भोवऱ्यासारखा फिरतो, आणि मग डावीकडचा ध्वज उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे असं होतं. तिथे अंतर ध्वजाच्या लांबीच्या दुप्पट हवं, 1.8 च्या दुप्पट 3.6. आमचं आवार तीन बाजूंनी बंद आहे, त्यामुळे दुसरा पर्याय नव्हता. आम्ही 3.7 मीटर घेतलं.

अध्यक्ष काका म्हणाले, "एवढं लांब लांब? ओकंबोकं दिसेल." मलाही तीच भीती होती. म्हणून या वेळी खोदायच्या आधी तीन लांब बांबू आणले, प्लास्टिकच्या रिकाम्या टबात वाळू भरून त्यात उभे केले, त्यांना जुन्या चादरी ध्वजाच्या मापाने कापून बांधल्या आणि दोन दिवस तसंच ठेवलं. येणारे जाणारे विचारायचे हे काय कपडे वाळत घातलेत का! पण त्या दोन दिवसांत रस्त्यावरून, गेटमधून, वरच्या गॅलरीतून सगळीकडून बघता आलं आणि काकाच म्हणाले की आता प्रत्येक झेंडा स्वतंत्र दिसतोय, मघाशी नुसता रंगांचा गठ्ठा दिसत होता. तिरकं उभं राहून बघितलं तर दाट पोलांचे ध्वज एकमेकांना झाकतात, हे समोरून काढलेल्या फोटोत कधी कळत नाही. ज्याला कोणाला पोल लावायचेत त्याने बांबूचा प्रयोग कराच, काँक्रीट फोडण्यापेक्षा चादर फाडणं स्वस्त पडतं.

मधला पोल जागेवरच ठेवला, बाजूचे दोन 2.2 मीटर बाहेर सरकवले. जुने अँकर बोल्ट ग्राइंडरने जमिनीलगत कापले, नवीन खड्डे, नवीन काँक्रीट. कंपनीने नवीन बोल्ट फुकट पाठवले, ते मान्य केलं पाहिजे, पण खोदाईचा खर्च आमचाच. त्यांचं म्हणणं असं की पुस्तिकेत बारीक अक्षरात "अंतर जागेनुसार ठरवावे" असं लिहिलंय. लिहिलंय खरं. मग ती भोकं पाडलेली पट्टी कशाला दिली राव?

दुसऱ्या वेळी बसवायला गवंडी आमचे नेहमीचे आले आणि या माणसाने एका सकाळीत कंपनीच्या टीमपेक्षा जास्त शिकवलं. आवाराच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो हे आपल्या लक्षातही नसतं. पहिल्या पोलपासून तिसऱ्यापर्यंत आता सात मीटरच्या वर अंतर, आणि शंभराला एक असा नुसता किरकोळ उतार धरला तरी दोन टोकांत सात सेंटीमीटरचा फरक पडतो. सारख्या उंचीचे पोल उतारावर उभे केले की टोकं सारखी येत नाहीत, मागे इमारतीच्या गच्चीची सरळ रेघ असते तिच्याशी तुलना होऊन डोळ्याला लगेच टोचतं. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल पाईप लावला, तिन्ही ठिकाणी पाण्याची खूण केली आणि त्या खुणेवरून बेस प्लेटखालचे नट वर-खाली करून तिन्ही प्लेटा एका पातळीत आणल्या, मग खालची फट ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरली. म्हणाले, "ताई, जमीन बघून काम करायचं नाही, पाणी बघून करायचं."

ओळंब्याचीही एक गंमत आहे. हे पोल खाली जाड आणि वर बारीक होत जातात. पोल अगदी सरळ उभा असला तरी त्याची कड तिरपीच असणार. पहिल्या टीमने पोलच्या एकाच बाजूला स्पिरिट लेव्हल टेकवली आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत पोल कलवला, म्हणजे त्यांनी प्रत्यक्षात वाकडा केला! आमच्या गवंड्यांनी लांब उभं राहून ओळंबा डोळ्यासमोर धरला आणि दोन्ही कडांचं अंतर सारखं आहे का ते बघितलं, एकदा समोरून, एकदा काटकोनात बाजूने. तिन्ही पोल झाल्यावर पहिल्याच्या मागे उभं राहून बघितलं तर मागचे दोन त्याच्याआड गायब. ते बघून जे समाधान मिळालं ते कसं सांगू.

बिजागरीबद्दल सावध करते. पोल आडवा पाडता येतो ही या सेटची खरोखर उपयोगी सोय आहे, कप्पीत तेल घालायला, दोरी बदलायला शिडी लागत नाही. पण तो कुठल्या दिशेला पडणार हे बेस बसवतानाच ठरतं. पहिल्या वेळी तिसऱ्या पोलची बिजागरी उलटी बसवली होती, म्हणजे पोल पाडला तर थेट मागच्या भिंतीवर, आणि भिंत तीन मीटरवर, पोल सहा मीटरचा. सुदैवाने तोच पोल परत हलवायचा होता म्हणून निभावलं. पुढच्या बाजूला पोलच्या उंचीएवढी मोकळी जागा हवी, तिथे कुंड्या किंवा पार्किंग नको. आणि भिंत मागे असो वा झाड बाजूला असो, खडूच्या गोलात तेही येता कामा नये. आमच्याकडे एक फांदी येत होती, ती छाटली.

आता मधल्या उंच पोलचा विषय, कारण यावर कमिटीत दोन मीटिंगा झाल्या. सेट "मधला उंच" अशाच रचनेत येतो आणि दिसायला तो छानच दिसतो. स्वतःच्या देशाचा ध्वज मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना संस्थांचे, राज्यांचे ध्वज, ही रचना अमेरिकेच्या ध्वज संहितेत तर स्पष्ट मान्य आहे. पण बाजूच्या पोलवर दुसऱ्या देशाचा ध्वज चढला की गणित बदलतं. त्याच संहितेत लिहिलंय की दोन किंवा अधिक देशांचे ध्वज असतील तर वेगवेगळे स्तंभ, सारखी उंची आणि जवळपास सारखा आकार, कारण शांततेच्या काळात एका देशाचा ध्वज दुसऱ्याच्या वर लावायला आंतरराष्ट्रीय प्रथेत मनाई आहे. म्हणजे पाहुण्यांच्या देशाचा ध्वज आपण एक मीटर खाली लावून त्यांचं स्वागत करणार होतो. हे पुस्तिकेत एका ओळीनेही नाही. विचारल्यावर विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "मॅडम, आजपर्यंत कोणी विचारलं नाही."

तोडगा मात्र त्यांच्याच पोलमध्ये निघाला. 7 मीटरचा पोल म्हणजे 6 मीटरचाच पोल अधिक बुडाशी एक मीटरचा सरळ तुकडा, तोच व्यास, तोच बेस. तो तुकडा काढला की तिन्ही सारखे. बिजागरी असल्यामुळे पोल पाडून दोन माणसांनी अर्ध्या तासात काम होतं. आम्ही सरळ तो कायमचाच काढून टाकला, कारण दर वेळी पाहुणे आले की काढा आणि गेले की लावा हे कोण करणार.

उंची सारखी केल्यावर प्रश्न आला की मग देशाचा ध्वज कुठल्या पोलवर. इथे सगळ्यात जास्त गोंधळ "उजवीकडे" या शब्दाने होतो. उजवीकडे म्हणजे बघणाऱ्याच्या नाही, ध्वजाच्या उजवीकडे. भारताच्या 2002 च्या ध्वज संहितेत हे चांगलं समजावलंय, रांगेच्या मध्यावर प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं, आपल्या अगदी उजव्या हाताला असेल ती राष्ट्रध्वजाची जागा, आणि पुढे बाकीच्या देशांचे ध्वज इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने. म्हणजे समोरून येणाऱ्याला तो डावीकडे पहिला दिसतो. कागदावर नकाशा काढणारा माणूस समोरून बघत असतो आणि "उजवा" लिहून मोकळा होतो, आणि बरोबर उलटं होतं. आमच्याकडे वॉचमन मामांनी पोलच्या बुडाशी बारीक रंगाने 1, 2, 3 घातलेत, आता कोणी विचारत नाही. आवार दोन्ही बाजूंनी दिसत असेल तर मुख्य प्रवेश कुठला ते एकदा ठरवा आणि मग वाद घालू नका, मागच्या बाजूने बघणाऱ्याला उलटंच दिसणार, त्याला इलाज नाही.

अक्षरक्रमाचं मोठं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोरची रांग. 193 सदस्य देश, अफगाणिस्तानपासून झिंबाब्वेपर्यंत इंग्रजी क्रमाने, आणि 2015 पासून पॅलेस्टाइन आणि व्हॅटिकनचे ध्वजही. एखाद्या देशाने नाव बदललं की पोल बदलतो, 2018 मध्ये स्वाझीलँडचं एस्वातिनी झालं तेव्हा तो एस मधून उठून थेट ई मध्ये आला आणि मधल्या सगळ्यांना एकेक पोल सरकावं लागलं. इथे आम्ही तीन ध्वजांसाठी दोन मीटिंगा घेतल्या म्हणून रडतोय.

आणि हो, पाहुण्यांचा ध्वज मागवताना त्याचं प्रमाण बघा, हे मला फार उशिरा सुचलं. सगळे ध्वज तीनास दोन नसतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांचे दोनास एक, म्हणजे उंची आमच्यासारखी 1.2 मीटर ठेवली तर लांबी 2.4 होते आणि माझे खडूचे गोल परत एकमेकांत घुसतात, 1.8 अधिक 2.4 म्हणजे 4.2, आणि आपल्याकडे जागा 3.7. स्वित्झर्लंडचा चौरस, त्याचा प्रश्न नाही. नेपाळचा तर दोन त्रिकोणांचा. मी आता क्षेत्रफळ साधारण सारखं ठेवून मागवते, मग दोनास एकचा ध्वज 2.08 बाय 1.04 मीटर येतो, आणि त्यातही अगदी वाईटात वाईट वाऱ्यात 18 सेंटीमीटरने हुकतंच. तो एवढा धोका पत्करलाय, पाहुणे दोन दिवस असतात आणि जोराचा वारा असला तर उतरवून ठेवतो. पण तुम्ही नव्याने लावणार असाल आणि जागा असेल तर सगळ्यात लांब ध्वज कुठला येऊ शकतो त्यावरून अंतर धरा, आज हातात आहे त्यावरून नको.

दोरीविषयी. बाहेरची दोरी असलेल्या पोलचा एक ठरलेला त्रास म्हणजे आवाज. रात्री वारा असला की ध्वज बांधायचे धातूचे हूक पोलवर आपटतात, टण्... टण् टण्... आणि तीन पोल असल्यामुळे तीन वेगवेगळ्या सुरांत. शेजारच्या इमारतीतून तिसऱ्याच दिवशी तक्रार आली. सेटमध्ये हुकांना रबरी आवरण द्यायला काय हरकत होती कळत नाही, इतकी साधी गोष्ट. मामांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून हुकांवर चढवले आणि दोरी गुंडाळताना तिला पोलपासून थोडी ताणून पोलवरच्या खालच्या, दोरी गुंडाळायच्या हुकाला वेढे द्यायला सुरुवात केली, आवाज जवळजवळ बंद. तो दोन शिंगांचा हूकही तिन्ही पोलवर मागच्या बाजूला आणि एकाच उंचीवर हवा, म्हणजे समोरून दोऱ्यांचा पसारा दिसत नाही आणि ओढणारे एका रांगेत उभे राहतात. आमच्या सेटमध्ये मधल्याचा हूक तुकड्यामुळे वर होता, तो काढल्यावर आपोआप जुळला. दोरीवर लाल धाग्याची एक खूण करून ठेवलीय, ती हातात आली की समजायचं ध्वज टोकाला पोचला, नाहीतर तीन माणसं तीन वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. देशाचा ध्वज आधी वर जातो आणि सगळ्यात शेवटी खाली येतो, हे भारतात आणि अमेरिकेत दोन्हीकडे लेखी आहे, पण दुसऱ्या देशाचा ध्वज असेल तेव्हा काय करायचं ते आधी आपापल्या नियमात बघून घ्या, ऐन वेळी एकमेकांकडे बघत उभं राहायला नको.

लाइट फालतू आहे. वरच्या गोळ्याखाली बसणारी सोलरची चकती, सेटमध्ये एकच, ती पण मधल्या पोलसाठी, आणि रात्री दहापर्यंत दम तोडते. रात्री ध्वज ठेवायचा तर तो नीट उजळलेला हवा आणि तिन्ही सारखेच उजळलेले हवेत, एक झगमगीत आणि दोन अंधारात असं चालत नाही. आम्ही जमिनीत तीन वेगळे फोकस घेतले. तेवढा उजेड करायचा नसेल तर सूर्यास्ताला उतरवा, सोपं.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. फोन उचलतात, नम्र बोलतात, सुटे भाग पाठवतात. बसवायला आलेली पोरं मेहनती होती पण त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं, त्यांच्यासाठी हा म्हणजे दिव्याचा खांब, उभा केला की झालं. मी कंपनीला दोन पानी मेल केला, खडूच्या गोलांचे फोटो लावून, की पट्टी देणं बंद करा आणि पुस्तिकेत ध्वजाच्या लांबीवरून अंतर काढायचं एक साधं कोष्टक द्या. उत्तर आलं की "सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे". बघू.

घ्यावा का? एकच देश आणि बाजूला संस्थेचे ध्वज असतील, जागा मोकळी असेल, तर डोळे मिटून घ्या, फक्त अंतर स्वतः मोजा. जागा जेमतेम चार मीटर रुंद असेल तर तीन पोलचा हट्ट सोडा, एकच पोल लावा, तो एकटाच नीट फडकू द्या, किंवा ध्वजाचं माप कमी करा, 1350 बाय 900 चा ध्वज घेतला तर मोकळ्या वाऱ्यात 1.8 मीटरचं अंतर पुरतं, जरी 6 मीटरच्या पोलवर तो थोडा छोटा वाटतो. आणि बाहेरच्या देशांचे पाहुणे येत असतील तर ऑर्डर देतानाच सांगा की तिन्ही पोल सारखे पाठवा, मधल्या पोलचा एक मीटरचा तुकडा नको.

आमचा तो एक मीटरचा तुकडा आणि दीड मीटरची पट्टी दोन्ही स्टोअर रूममध्ये पडून होते. पट्टी परवा मामांनी नेली, गेटला आतून आडवी लावायला. म्हणाले माप बरोबर बसलं.